शंका-समाधान : चिंध्यांचा भाव कटिंग टेबलावरच ठरतो

प्रश्न : आमच्याकडे 20 मशिन्स आहेत. टी-शर्ट आणि शर्ट दोन्ही शिवतो. कात्रण गोण्यांत भरून विकतो, पण घेणारा दर वेळी ‘माल मिक्स आहे’ म्हणत भाव पाडतो. नेमकं काय वेगळं करायचं? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : घेणाऱ्याचं म्हणणं बहुधा खरं असतं. हे कात्रण पुढे दातेरी रुळांच्या मशिनमध्ये जातं. तिथं कापड फाटून तंतू मोकळे होतात, पण तुटून आखूडही होतात. त्यामुळे त्यात नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळून ओपन एंड प्रकारच्या सूतकताई मशिनवर जाडसर सूत काढतात. या सुताला पुन्हा रंगवायचं नसेल तर कात्रणाचाच रंग त्यात उतरतो. लाल गोणीत थोडं काळं पडलं तरी सूत मळकट दिसतं. रंगकामाचं पाणी आणि रसायनं वाचतात ती रंग वेगळे ठेवले तरच.

म्हणून पांढरं सुती होजिअरी (टी-शर्टचं कापड) एका गोणीत, रंगीत सुती रंगानुसार, आणि शर्टाचं मागावर विणलेलं कापड होजिअरीपासून लांब ठेवा. लायक्रावालं तर अजिबात मिसळू नका. तो धागा फाटत नाही, ताणला जातो, रुळाला गुंडाळतो आणि गाठी करतो. ओव्हरलॉक (कडा शिवणाऱ्या) मशिनखाली पडणारी किनारही टेबलावरच्या कात्रणात टाकू नका, कारण तिच्यात पॉलिस्टरचा दोरा असतो. बकरम, लेबलं, टाचण्या, झिपा तर नकोतच. धातूचा तुकडा रुळात गेला की ठिणगी उडते, आणि मोकळ्या तंतूंना आग लागायला तेवढी पुरते.

कटिंग संपल्यावर वर्गवारी करायला बसलात तर मजुरीच भावापेक्षा जास्त होईल. एक लॉट कापला की टेबल झाडा, गोणी बदला आणि गोणीवर कापडाचा प्रकार व रंग लिहा. एवढंच.

कात्रण कमी करणं मात्र याहून फायद्याचं. थर अंथरताना दोन्ही टोकांना 2-2 सें.मी. जास्त सोडलं, तर 50 थरांत 2 मीटर कापड गेलं. थर 3 मीटरचा असो वा 6 मीटरचा, टोकांचं नुकसान तेवढंच. म्हणून टेबल पुरत असेल तर मार्कर (थरावर कापायच्या भागांची आखणी) लांब घ्या. दिलेल्या कापडाचं वजन आणि कापलेल्या भागांचं वजन रोज वहीत मांडा. फरक अचानक वाढला तर आधी कापडाचा पन्हा मोजून बघा. पन्हा मार्करपेक्षा रुंद आला असेल, तर कडेची पट्टी वायाच जाते.

प्रश्न : कापड सुती आहे की मिश्र, हे कसं ओळखावं? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : उसवलेले चार धागे चिमट्यात धरून पत्र्यावर जाळा, गोदामापासून दूर. सुती कागदासारखं जळतं, मऊ राख उरते. पॉलिस्टर आचेपासून आक्रसतं, वितळतं आणि काळा टणक मणी होतो. राख आणि मणी दोन्ही दिसले तर मिश्र. दोन मर्यादा आहेत : व्हिस्कोसही (रेयॉन) सुतीसारखंच जळतं, आणि 4-5 टक्के लायक्रा या चाचणीत कळत नाही. लायक्रासाठी कापड ताणून फाडा. काठाशी बारीक, रबरासारखे परत आखडणारे धागे दिसले की ती गोणी वेगळी.

प्रश्न : मोठे तुकडे गॅरेजला पुसण्यासाठी विकले तर चालतील का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सुती होजिअरीचे, साधारण हातभर तुकडे चालतात. पॉलिस्टर तेल नीट शोषत नाही, गिऱ्हाईक लगेच परत करतं. वापरून झालेल्या तेलकट चिंध्या मात्र कात्रणात परत घेऊ नका. 2016च्या घातक कचरा नियमांनुसार कारखान्यातून निघणाऱ्या अशा चिंध्या घातक कचऱ्यात मोडतात.

प्रश्न : कात्रणाची गोधडी धुतल्यावर चुरगळते. का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनी साडी आटून झालेली असते. दोन्ही एकत्र शिवली की ओढ बसते. नवे तुकडे आधी रात्रभर भिजवून वाळवा, मग शिवा.