हंगामी नोकऱ्यांचे आकडे: आधी एवढंच बघा

हंगामी नोकऱ्यांच्या आकड्यांचा तक्ता करताना बहुतेक नवख्यांची एक चूक होते: लागोपाठच्या दोन महिन्यांची तुलना. हंगाम सुरू झाला की आकडा चढणार, संपला की उतरणारच. या वर्षीचा मे महिना मागच्या वर्षीच्या मे महिन्याशेजारी ठेवा. आकडा हंगाम-समायोजित (दरवर्षीचा हंगामी चढउतार वगळलेला) आहे की कच्चा, ते तळटिपेत तपासा. दोन्ही एका तक्त्यात नकोत.

मग बेरोजगारीचा दर. भागाकारात खाली सगळी लोकसंख्या नसते, फक्त काम करणारे आणि काम शोधणारे. १,००० पैकी ५० बेरोजगार म्हणजे ५ टक्के. हंगामानंतर त्यातल्या २० जणांनी थकून शोधच थांबवला, तर ९८० मागे ३० उरतात, दर ३.१ टक्क्यांवर. नवी नोकरी एकही नाही! म्हणून दराशेजारी काम असलेल्यांची संख्या लिहाच.

आणखी दोन खड्डे:
- आस्थापनांची (कंपन्या, दुकानं अशा काम देणाऱ्यांची) पाहणी नोकऱ्या मोजते, घरोघरची पाहणी माणसं. दोन ठिकाणी राबणारा पहिलीत दोनदा येतो.
- नोकरी एखाद्या भागातली, पण ती करणारा माणूस बाहेरून आलेला असू शकतो.

समायोजनाचं गणित इतक्यात नको. आधी पाच वर्षांचे मासिक आकडे, एका ओळीत एक वर्ष, असे मांडून बघा.