व्हिडिओ बघताना कळतं, स्वतः बसलं की सुचत नाही

वेब डिझाइन शिकणाऱ्या तरुणांकडून मी एकच तक्रार वारंवार ऐकते : व्हिडिओ बघताना सगळे समजते, पण कोरी फाइल उघडून स्वतः पान मांडायला बसले की हात चालत नाही, आणि मग 'हे आपल्या डोक्याचे कामच नव्हे' असा निष्कर्ष काढला जातो. त्या तक्रारीला उत्तर म्हणून एका वाणिज्य पदवीधर तरुणीचा अनुभव, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडते.

"मॅडम, लॅपटॉपवर पान छान दिसतं, मोबाइलवर सगळं विस्कटतं. मला लॉजिकच नाही."

"सगळं म्हणजे नेमकं काय गं?"

ती गप्प झाली. पान आडवे सरकू लागले की ती लॅपटॉप मिटून नवा व्हिडिओ लावत असे. काय बिघडले ते तिने कधी निरखलेच नव्हते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी श्रद्धा आहे. घटनेपेक्षा तिला आपण लावलेला अर्थ माणसाला अधिक छळतो, हे मी रोज पाहते. म्हणून तिला धीर देत न बसता मी एका भेटीत तिचे पानच उघडायला लावले आणि प्रत्येक घटकाभोवती लाल आउटलाइन काढायला सांगितली (बॉर्डर नको, कारण बॉर्डर स्वतःच जागा घेते). ब्राउझरच्या मोबाइल दृश्यात रुंदी ३६० पिक्सेल करताच एकच चौकट उजवीकडे बाहेर गेलेली दिसली. तिची रुंदी १२०० पिक्सेल अशी ठाम लिहिलेली होती. तिने 'विड्थ'च्या जागी 'मॅक्स-विड्थ' (जास्तीत जास्त रुंदी) लिहिले. आडवे सरकणे थांबले, पण आतली तीन कार्डे दाटीने चिंचोळी झाली. आता ती खचेल असे मला वाटले, ती मात्र पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "कार्डांना खाली उतरू द्यायला हवं. फ्लेक्स-रॅप राहिलंय." (जागा पुरली नाही की घटकांना पुढच्या ओळीत उतरू देणारी ही सूचना.)

त्या वाक्यात स्वतःवरचा निवाडा उरला नव्हता, फक्त पुढचे काम होते. इतक्या भेटींमधून मला हवे होते ते हेच, आणि ते तिचे तिला सापडले याचे समाधान मोठे आहे.

रोज नवे फ्रेमवर्क (पाने बांधण्याचा तयार सांगाडा) कानावर येते म्हणून धास्तावणाऱ्यांना मी सांगते की, वेब डिझायनर इथन मार्कॉट यांनी २०१० साली रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे पान जुळवून घेण्याची, कल्पना मांडली तेव्हा तिचे घटक तीनच होते : प्रवाही ग्रिड (पडद्याच्या प्रमाणात रुंद-अरुंद होणारे रकाने), लवचिक चित्रे आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार वेगळे नियम लावणारी अट). फ्लेक्सबॉक्स आणि सीएसएस ग्रिड या मांडणीच्या पद्धतींमुळे काम पुढे सोपे झाले, तरी पाया तोच राहिला. व्हिडिओ अर्ध्यावर थांबवून तेवढाच भाग न बघता लिहावा. आधी अरुंद पडद्यासाठी पान मांडावे, मग खिडकी हळूहळू रुंद करत न्यावी आणि जिथे मांडणी बेढब दिसेल तिथेच ब्रेकपॉइंट (मांडणी बदलण्याची रुंदी) ठेवावा. फोनच्या मापांची यादी पाठ करण्याची गरज नाही. बिघाड झाला की तो कोणत्या घटकात आणि किती रुंदीला झाला, एवढे दोनच तपशील वहीत लिहावेत, आणि ते लिहून होईपर्यंत आपल्या बुद्धीविषयी कोणतेही मत बनवू नये.