पीएचडीचे फॉर्म कधी निघतात? (युरोप, मॅथ्स)

तुझा प्रश्न असा की एम.एस्सी. मॅथ्स झालंय, न्यूमेरिकल अ‍ॅनालिसिसमध्ये (समीकरणांची उत्तरं कॉम्प्युटरवर अंदाजे काढण्याचं गणित) पीएचडी करायचीये, तर जर्मनी-नेदरलँड्सचे फॉर्म कधी निघतात. अरे, निघतच नाहीत! म्हणजे काही ग्रॅज्युएट स्कूल्सची डेडलाइन असते, पण बहुतेक जागा म्हणजे सरळ नोकरी, प्रोफेसरला प्रोजेक्टचे पैसे मिळाले की जाहिरात येते, मग तो मार्च असो नाहीतर ऑक्टोबर. मी पहिले सहा महिने युनिव्हर्सिट्यांच्या साइटवर "अ‍ॅडमिशन" शोधण्यात घालवले, फुकट.

जर्मनीत जाहिरातीत पीएचडी हा शब्दच नसतो कधीकधी, "विसेनशाफ्टलिशर मिटआर्बायटर" (म्हणजे संशोधन कर्मचारी) असं लिहिलेलं असतं, आणि पगार ई१३ या सरकारी ग्रेडचा, पण पूर्ण मिळेलच असं नाही, ५०, ७५ टक्के असं काहीतरी असतं, तो आकडा आधी बघ. डच जागा अ‍ॅकॅडेमिक ट्रान्सफर या साइटवर येतात, साधारण ४ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. युराक्सेसवर (युरोपियन युनियनची संशोधन-नोकऱ्यांची साइट) मारी क्युरी नेटवर्कच्या, म्हणजे युनियनच्या पैशावरच्या पीएचडीच्या, जागा बघ, तिथे अट अशी की मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ पेक्षा जास्त महिने राहिलेला नकोस. तू पुण्यातच आहेस, म्हणजे तुझ्या पथ्यावरच. गेट स्कोअर तिथे सहसा कोणी विचारत नाही. अमेरिकेचं गणित वेगळं, तिथे डिसेंबरच्या आसपास डिपार्टमेंटला अर्ज करायचा, गाइड नंतर.

आता ईमेल. मी चाळीसेक पाठवले, सगळे "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम हायली इंटरेस्टेड" छाप, फक्त नाव बदलून, एका मेलमध्ये तर तेही बदलायचं राहिलं. उत्तर शून्य. मग एकाचा पेपर खरंच वाचला, त्यातली मेथड पायथॉनमध्ये लिहिली, तर जाळी (डोमेन, म्हणजे ज्या आकारावर समीकरण सोडवतो, त्याचे छोटे तुकडे) निम्म्या मापाची केली की एरर चौथाई व्हायला हवी ती माझी जेमतेम अडीच पटीनेच कमी होत होती. दोन दिवस बग शोधला, सापडेना, शेवटी एररचं टेबल जोडून त्या पेपरवाल्या प्रोफेसरलाच विचारलं. दुसऱ्या दिवशी दोन ओळी आल्या: तुझा डोमेन एल आकाराचा आहे, आतला कोपरा बघ, थिअरम कॉन्व्हेक्स (आत वळलेला कोपरा नसलेल्या) डोमेनसाठी आहे. लाज वाटली, पेपरात पहिल्याच पानावर होतं ते. पण महिन्याभराने त्यानेच जाहिरातीची लिंक पाठवली, अर्ज रीतसर केला, इंटरव्ह्यूत त्या कोपऱ्यावरच वीस मिनिटं गेली.

आणि इथलं सोडू नकोस. टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची परीक्षा डिसेंबरात असते, एनबीएचएम (गणितासाठीची सरकारी शिष्यवृत्ती) आहे, जेआरएफ, म्हणजे पीएचडीची फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, आणि आयसर पुण्यात, आयआयएससीत माणसं खरंच चांगली आहेत. घरचे "परदेशीच जा" म्हणतायत म्हणून जाऊ नको.

तुझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट नक्की कशावर होता ते लिही. फायनाइट एलिमेंटवर (वरची तुकडे पाडून सोडवायची मेथड) असेल तर एकदोन ग्रुप सांगतो, ऑप्टिमायझेशन असेल तर माझा काही उपयोग नाही.