टिश्यू कल्चरने वाढवलेल्या औषधी वनस्पतीत औषध तेवढंच उतरतं का?

टिश्यू कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत वाढवलेली, रोपं लावली तर औषध तेवढंच उतरतं का, असं विचारताना तुम्ही ब्राह्मी, अश्वगंधा आणि नरक्या अशी तीन नावं घेतलीत. पहिल्या दोघांसाठी लॅबच्या दारात जाऊच नका. ब्राह्मीची कांडी ओल्या मातीत खोचली की मुळं फुटतात, अश्वगंधा बियांवर येते. रोपामागे पैसे मोजायचे कशाला?

नरक्या या जंगली झाडाची गोष्ट वेगळी. मी काही वर्षं एका लॅबमध्ये याच कामावर होतो. फांदी कापली की नाव का पडलं ते कळतं, असा वास! याच्या सालीत आणि लाकडात कॅम्पटोथेसिन हे औषधी द्रव्य असतं. ते आधी १९६६ साली एका चिनी झाडात सापडलं, १९७२ मध्ये आपल्या नरक्यात. टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन ही कॅन्सरची औषधं त्यापासूनच बनतात. म्हणून सह्याद्रीत नरक्यावर कुऱ्हाड चालली.

लॅबमध्ये कोवळ्या फांदीचं पेर घ्यायचं, साबणाच्या पाण्याने धुवायचं, मर्क्युरिक क्लोराइड या जंतुनाशकात काही मिनिटं बुडवायचं, निर्जंतुक पाण्याने तीनदा खळबळायचं आणि लॅमिनारखाली, म्हणजे गाळलेली जंतुरहित हवा सोडणाऱ्या टेबलावर, बाटलीत लावायचं. मीडिया, म्हणजे बाटलीतलं रोपाचं खाद्य, १९६२ पासून चालत आलेला, मुराशिगे आणि स्कूग यांचा: क्षार, जीवनसत्त्वं, लिटरला ३० ग्रॅम साखर, पीएच ५.८. एवढं गोड खाणं समोर असल्यावर बुरशी थोडीच गप्प बसणार? चौथ्या दिवशी रॅकपाशी जाताना पोटात गोळा यायचा. पेराच्या बुडाशी दुधाळ वलय दिसलं तर बॅक्टेरिया, कापूस पिंजल्यासारखं दिसलं तर बुरशी. जंगलातल्या फांदीच्या तर आतच बुरशी असते, बाहेरून कितीही धुवा. आम्ही त्या बाटल्या शिव्या घालत ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या यंत्रात, ढकलायचो. पुढे २००५ मध्ये वाचलं, नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतच कॅम्पटोथेसिन मिळालं म्हणे!

आता तुमचा मुद्दा. पेरातला डोळा फोडून केलेलं रोप आईची नक्कल असतं. आईत औषध भरपूर असेल तर तो गुण रोपातही येतो, पण औषध साठतं ते साल-लाकूड तयार होताना. बोटभर रोपाची तपासणी करून निराश होऊ नका. कॅलसचं, म्हणजे बाटलीतल्या त्या भुसभुशीत गोळ्याचं, तसं नाही. खोड-मूळ काही ठरलेलंच नसल्याने त्यात औषध बहुधा नावापुरतंच उतरतं. अपवाद आहेत. जपानमध्ये १९८३ पासून शिकोनिन हे लाल-जांभळं रंगद्रव्य पेशींपासून बनवलं गेलं, यू झाडाच्या पेशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवून टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषध काढतात. पण तिथे रोप करायचंच नसतं, तो कारखाना आहे.

म्हणून रोपं घेताना ‘टिश्यू कल्चर आहे’ एवढ्यावर भुलू नका. मातृवृक्ष कुठला आणि त्याच्या सालीत कॅम्पटोथेसिन किती निघालं, याचा कागद मागा. शिवाय रोपं हार्डनिंग झालेली, म्हणजे बाहेरच्या हवेला हळूहळू सरावलेली आहेत ना, ते बघा. बाटलीतून थेट काढलेली पानं आमच्या टेबलावर पंख्याखाली अर्ध्या तासात माना टाकायची.