पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने रिक्वेस्ट्स हे पॅकेज बसवले, तरी पायथन ‘मॉड्यूल सापडत नाही’ असे का म्हणते?

तुमच्या संगणकावर बहुधा एकाहून अधिक पायथन (म्हणजे या प्रोग्रामिंग भाषेच्या वेगवेगळ्या बसवलेल्या प्रती) आहेत. पिपने रिक्वेस्ट्स त्यांपैकी एकात बसवले आहे आणि तुमचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालतो आहे. प्रत्येक पायथनचे, तसेच प्रत्येक व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचे (एखाद्या प्रकल्पासाठी केलेल्या स्वतंत्र पायथन-व्यवस्थेचे), पॅकेजे ठेवण्याचे साइट-पॅकेजेस हे फोल्डर वेगळे असते आणि इम्पोर्टच्या, म्हणजे प्रोग्राममध्ये पॅकेज आणण्याच्या, वेळी केवळ सिस.पाथ या यादीतील ठिकाणेच तपासली जातात. म्हणून त्याच प्रोग्राममध्ये, चुकणाऱ्या ओळीच्या आधी, सिस.एक्झिक्युटेबल छापून नेमके कोणते पायथन चालते आहे ते पाहावे, आणि नुसते ‘पिप’ न लिहिता त्या पायथनचा पूर्ण मार्ग देऊन पुढे ‘-एम पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स’ असे लिहावे. मात्र इतर पॅकेजांबाबत नावही तपासावे, कारण पिलो हे चित्रांसाठीचे पॅकेज बसवले तरी इम्पोर्ट पीआयएल याच नावाने करावे लागते.