कीलेस गाडी चावीशिवाय चोरीला जाते हे खरं का? फॅराडे पाऊच घ्यावा की जीपीएस ट्रॅकर लावावा?

तुमची गाडी रात्री बिल्डिंगबाहेर रस्त्यावर असते आणि चावीचे सिग्नल अडवणारा फॅराडे पाऊच पुरेल की ट्रॅकर हवा, असं तुम्ही विचारलंय. दोन्हींच्या आधी स्टीअरिंगला बाहेरून लावायचा लोखंडी दांडा घ्या. पण मी लिहायला बसलेय ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. "मालकाने नीट लॉक केली असेल तर अशी गाडी जाऊच शकत नाही, असं मित्र म्हणतो." तुमचा मित्र साफ चुकतोय. हेच वाक्य आमच्या घरात माझ्या बाबांना ऐकावं लागलंय.

आमचं घर बडोद्याला दांडिया बाजारात. जुनं घर, दार थेट रस्त्यावर. गाडी दारासमोर, चाव्या दाराच्या आतल्या खुंटीवर. बाबा आयुष्यभर कारखान्यात स्टोअरकीपर होते, गोदामाचं कुलूप ओढून बघितल्याशिवाय रजिस्टरवर सही न करणारे. ह्या गाडीला तशी ओढून बघायची सोयच नाही, कारण चावी खिशात असली की हँडलला हात लागताच दार उघडतं. गाडी लॉक झाली की तिचे आरसे मिटतात, म्हणून ते दोन्ही आरसे मिटेपर्यंत तिथून हलत नसत. त्या रात्रीही हलले नाहीत, मी गॅलरीतून बघत होते. सकाळी गाडी नव्हती, आणि रस्त्यावर काचेचा एक तुकडासुद्धा नव्हता.

गणपतीचे दिवस होते. कारेलीबागेत काकांकडे आरतीला सगळे जमलेले, आणि काका सगळ्यांदेखत म्हणाले, "काच फुटली नाही, कुलूप तुटलं नाही, मग गाडी गेली कशी? तू उघडीच ठेवली असणार." मोठा भाऊ बोलतोय म्हटल्यावर बाबा गप्प बसले. विम्याचा तपासनीस आला, त्याचाही पहिला प्रश्न तोच. बाबांनी दोन्ही चाव्या त्याच्यापुढे ठेवल्या, तरी त्याने "गाडी लॉक होती याला पुरावा काय?" म्हणून लिहून घेतलंच.

पुरावा समोरच्या फरसाणवाल्याच्या कॅमेऱ्यात निघाला. त्यानेच मला हाक मारली, "बेन, आ भाई तमारा बारणा पासे थेलो लईने केम फरे छे?" एक माणूस खांद्यावर पिशवी घेऊन आमच्या दाराला जवळजवळ चिकटून सरकतोय, दुसरा गाडीच्या दाराशी उभा. थोड्याच वेळात मिटलेले आरसे आपोआप उघडतात, दिवे लागतात, गाडी निघून जाते. मिटलेले आरसे, हे लक्षात घ्या. गाडी लॉक होती.

याला रिले हल्ला म्हणतात. गाडी चावीला हाक मारते ती साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरीवर, आणि ती हाक मुद्दामच मीटर-दीड मीटरपर्यंत पोचेल इतकी क्षीण ठेवलेली असते. चावीचं उत्तर बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर येतं आणि ते बरंच लांब जातं. गाडीपाशी उभा असलेला चोर ती हाक टिपतो, पिशवीवाला ती दाराच्या आतल्या चावीपर्यंत पोचवतो, चावी खरं उत्तर देते आणि गाडी मालक आला असं समजून उघडते. कोड कोणी फोडतच नाही, त्यामुळे दर वेळी बदलणारा कोड इथे काही कामाचा नाही. इंजिन एकदा सुरू झालं की चावी दूर गेल्यावर गाडी फक्त इशारा देते, बंद पडत नाही. २०११ मध्ये झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी ८ कंपन्यांच्या १० मॉडेलांवर हे करून दाखवलं आणि सगळ्या गाड्या उघडल्या. काका आमच्यावर ओरडले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पाऊच याच एका प्रकारावर चालतो, आणि चांगला चालतो. घ्या, पण दोन्ही चाव्यांसाठी घ्या. जादा चावी कपाटात उघडी ठेवली तर काही उपयोग नाही. आतलं अस्तर झिजतं, म्हणून अधूनमधून चावी पाऊचमध्ये घालून गाडीपाशी उभं राहून हँडलला हात लावून बघा. स्टीलच्या डब्याचंही तसंच, तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. काही चाव्या पडून राहिल्या की झोपतात, म्हणजे गाडीच्या हाकेला उत्तर देणं थांबवतात, काहींचं कीलेस बंद करता येतं. मॅन्युअल वाचा.

पण चावी पाऊचमध्ये असतानाही गाडी जाते. काच फोडून डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (मेकॅनिक गाडी तपासायला यंत्र जोडतो ती जागा) टॅब लावून नवी चावी बनवतात, दिल्लीत पकडलेल्या टोळ्यांच्या बातम्यांत हेच असतं. २०२२ मध्ये लंडनमध्ये इयन टेबर या मोटार-सुरक्षा तज्ज्ञाचीच टोयोटा राव्ह-४ गेली. चोर हेडलाइटच्या वायरिंगमधून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात शिरले आणि खरी चावी जवळ आहे असा खोटा संदेश त्यांनी आत सोडला. अशा वेळी पाऊच काय करणार?

म्हणून दांडा. बाबा जुन्या गाडीला रोज लावायचे. नवी आली तेव्हा काका म्हणाले, "एवढ्या महागड्या गाडीला सायकलचं कुलूप लावतोस?" शोरूमवालाही म्हणाला की आत इमोबिलायझर आहे, खऱ्या चावीशिवाय इंजिन सुरूच होत नाही, गरज नाही. बाबांनी दांडा माळ्यावर टाकला. मला आजही वाटतं की त्या दोघांनी एका सावध माणसाला त्याची सवय सोडायला लावली आणि वर निष्काळजी म्हणून बोल लावला. वायरलेस कितीही हुशार असो, लोखंड कापायला आवाज होतो आणि वेळ लागतो, आणि भर वस्तीत चोराला तेच नको असतं. काकांनी आता स्वतः कीलेस गाडी घेतली आहे आणि चावी दारातल्या टेबलावर असते. काका, हे वाचत असाल तर आज तरी बाबांना फोन करून सांगा की गाडी लॉक होती.

ट्रॅकरचं राहिलंच. लावा, पण स्वतःची बॅटरी असलेला आणि डॅशबोर्डखाली सहज न सापडणारा. तो चोरी थांबवत नाही, आणि चोराकडे सिग्नल दाबणारा जॅमर असला तर तोही गप्प होतो. दांडाही ग्राइंडरने कापता येतो, तेव्हा तो एकटाच पुरेल असं मी म्हणत नाही. इंधन पंपाला छुपा स्विच बसवणार असाल तर वॉरंटीच्या अटी आधी वाचा, वायर कापली की कंपनी हात वर करते. वेळ मोजून चावीचं अंतर ओळखणारी अल्ट्रा-वाइडबँड चावी असेल तर रिलेची भीती बरीच कमी, बाकीच्या दोन्ही वाटा तशाच राहतात.

विम्यात रिटर्न टू इन्व्हॉइस, म्हणजे बिलाची मूळ किंमत देणारी जोड, घ्या, नाहीतर आयडीव्हीएवढेच, म्हणजे पॉलिसीत घसारा वजा करून धरलेल्या किमतीएवढेच, पैसे मिळतात. आम्हाला तेवढेच मिळाले, तेही पोलिसांची 'ए समरी', म्हणजे चोरी खरी पण चोर सापडला नाही असा अहवाल, आल्यावर.