माळ काढायची गरज नाही

प्रश्न : माझे वडील माळकरी आहेत, त्यांना किडनीचा आजार आहे. वय ६४, वजन ६० किलो, क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात वाढतं ते) २.४, पोटॅशियम ४.७. मधुमेह नाही, डायलिसिस नाही. डाळी बंद करा, प्रोटीनसाठी अंड्याचा पांढरा भाग द्या, असं जो तो सांगतो. ते अंड्याला शिवणार नाहीत. काय करावं? – एक वाचक, तासगाव

उत्तर : दादा, बाबांना अंड्याचा आग्रह अजिबात करू नका. डायलिसिस सुरू नसताना प्रोटीन बेतानंच द्यायचं असतं. त्यांच्या वजनाला दिवसाकाठी ३६ ते ४८ ग्रॅम. नेमका आकडा डॉक्टर ठरवतील. साठ-साठ ग्रॅम पिठाच्या तीन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर घट्ट वरण, थोडा भात, भाजी आणि कपभर दूध, एवढ्यात ३६ च्या आसपास होतातच. मग डाळ बंद करून पोराबाळांनी त्यांना उपाशी का ठेवायचं?

किडनी थकली की फॉस्फरस रक्तात साठतो, म्हणून डाळीतल्या फॉस्फरसची भीती दाखवतात, तीही अवाजवी आहे. डाळी-धान्यातला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या घटकात अडकलेला असतो, आतड्यात तो पुरता सुटत नाही. पाकिटातल्या चीजमध्ये, काळ्या कोल्ड्रिंकमध्ये वरून घातलेलं फॉस्फेट मात्र बहुतेक सगळं रक्तात उतरतं.

पोटॅशियम ४.७ आहे, म्हणजे आज फळं-भाज्या तोडायचं कारण नाही. पण तुमच्या गावात बेदाण्याचा डबा कायम हाताशी असतो, तो जरा लांब ठेवा. १०० ग्रॅम बेदाण्यात साधारण ७५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, तेवढ्याच ताज्या द्राक्षांत २०० च्या आत. उद्या आकडा वर गेलाच, तर बटाटा, सुरण बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायचं आणि ते पाणी ओतून द्यायचं. डाळीचंही तसंच. पुरणाच्या दिवशी कटाची आमटी बाबांच्या पानात नको; डाळीतलं बरंचसं पोटॅशियम त्या कटात उतरलेलं असतं.

मिठाबद्दल मी फार कडक आहे. भडंग, पापड, लोणचं धरून दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, त्याहून जास्त नाही. आणि ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठ घरात आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम चढतं, त्यात हे मीठ म्हणजे जिवाशी खेळ. बाबांची गोळी त्यातली आहे का, हे डॉक्टरांना विचारा आणि पुढच्या तपासणीत पोटॅशियमसोबत बायकार्बोनेटही (त्यावरून रक्तातलं आम्ल वाढलंय का ते कळतं) बघून घ्या.